ताप उतरल्यावर : मेंदूज्वर आणि स्मृती

(द्वितीय वर्ष, कला)

यंदा ऑगस्ट महिन्यात तृतीय वर्षाच्या ताईंना मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी 'प्रयुक्त' हवे होते. ज्याच्यावर प्रयोग करावयाचा त्याला मानसशास्त्रात प्रयुक्त म्हणतात. मी हौसेने बसले. ताई अंक म्हणायच्या आणि मी ते त्याच क्रमाने परत म्हणायचे. चार अंक झाले, पाच झाले, सहा झाले. सातपर्यंत मी टिकले, आठव्याला गडबडले. मग त्यांनी १५ शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखविली आणि प्रत्येक वेळी माझ्याकडून म्हणवून घेतली. त्यानंतर दुसरेच काही काम दिले आणि अर्ध्या तासाने अचानक विचारले, "मघाचे शब्द सांग बघू." मला १२ आठवले. ताई 'छान' म्हणाल्या आणि त्यांनी वहीत आकडा लिहिला.

संध्याकाळी एसटीत बसल्यावर मात्र माझ्या डोक्यात वेगळेच विचार चालले होते. ते अंक माझ्या दादानेही म्हटले असते. यादीतले काही शब्दही त्याने त्या त्या वेळी सांगितले असते. पण अर्ध्या तासाने विचारले असते तर? शब्द राहू द्या, आपण कसली यादी ऐकली होती हेच त्याला आठवले नसते.

दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. तो आठवीत असताना ऐन पावसाळ्यात त्याला ताप आला. तिसऱ्या दिवशी झटके येऊ लागले. तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून नागपूरला नेले. नऊ दिवस त्याला शुद्ध नव्हती. सुटी मिळाली तेव्हा कार्डावर 'व्हायरल एन्सेफलायटिस' असे लिहिलेले होते. ते वाचू शकेल असे आमच्या घरात कोणी नव्हते. बाबा तिसरीपर्यंत शिकलेले, माय शाळेत गेलेलीच नाही. पोरगा वाचला एवढेच सर्वांना कळले, आणि ते खरेही होते.

पण तो पुन्हा शाळेत जाऊ लागला तेव्हा सकाळचे शिकवलेले दुपारपर्यंत राहीना. कोणी म्हटले लक्ष नाही, कोणी म्हटले ढोंग करतो, कोणी म्हटले बाहेरचे काही लागले. नववीत तो नापास झाला आणि शाळा सुटली. आमच्या घरातून पहिल्यांदा कॉलेजात जायचे होते ते त्याने. त्याच्यासाठी बाबांनी बाजूला ठेवलेले पैसे आज माझ्या फीत आणि पुस्तकांत जातात. म्हणून मी हा लेख लिहीत आहे. मी या विषयातली अधिकारी व्यक्ती नाही. आमच्या मॅडमनी दिलेली पुस्तके वाचून आणि त्यांना पुन्हापुन्हा प्रश्न विचारून जे समजले, ते आमच्यासारख्या घरांतल्या वाचकांपुढे ठेवावे एवढाच हेतू आहे.

मेंदूज्वर म्हणजे काय?

आपण 'मेंदूज्वर' हा शब्द दोन-तीन आजारांसाठी सरसकट वापरतो. मेंदूभोवतीच्या आवरणाला सूज येते तो एक आजार, आणि खुद्द मेंदूच्या पेशींना सूज येते तो दुसरा. या दुसऱ्याला एन्सेफलायटिस म्हणतात. तो पुष्कळदा विषाणूंमुळे होतो, आणि असे विषाणू अनेक आहेत.

भातशेतीच्या प्रदेशात जपानी मेंदूज्वराचे नाव ऐकू येते. याचा विषाणू डुकरांत आणि बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत वाढतो. बांधीतल्या साचलेल्या पाण्यात पैदा होणारे क्यूलेक्स जातीचे डास तो माणसापर्यंत आणतात. भारतात हा आजार प्रथम १९५५ मध्ये वेल्लोरच्या भागात ओळखला गेला आणि १९७३ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बांकुरा व बर्दवान जिल्ह्यांत त्याची पहिली मोठी साथ आली. ज्यांच्या शरीरात हा विषाणू शिरतो त्यांच्यापैकी बहुतेकांना काहीच होत नाही. सुमारे २५० मध्ये एखाद्यालाच गंभीर आजार होतो. पण ज्यांचा मेंदू सुजतो आणि जे त्यातून वाचतात, त्यांच्यापैकी तीस ते पन्नास टक्के लोकांत काही ना काही व्यंग मागे राहते. यावर लस आहे आणि आपल्या देशात २००६ पासून जोखमीच्या जिल्ह्यांत मुलांना ती टोचण्याच्या मोहिमा सुरू झाल्या.

दुसरा विषाणू तर आपल्या विदर्भाचेच नाव घेऊन जगभर गेला आहे. १९६५ मध्ये नागपूरकडे तापाची साथ आली असताना, पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांना रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. हेच केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. ज्या ठिकाणी तो विषाणू मिळाला त्यावरून त्याला 'चांदीपुरा' हे नाव पडले. पुढे कित्येक वर्षे त्याच्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुले मेंदूज्वराने आजारी पडली आणि त्यांतली १८३ दगावली, तेव्हा या विषाणूची भयंकर ताकद कळली. २००७ मध्ये नागपूर विभागात आणि २०२४ मध्ये गुजरातेत तो पुन्हा दिसला. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी बारीक वाळूमाशी तो पसरवते.

तिसरा विषाणू हर्पीस सिम्प्लेक्स. ओठांच्या कडेला फोड आणणारा हा साधा, घरोघरी आढळणारा विषाणू. क्वचित, म्हणजे वर्षाला दहा लाखांत दोन ते चार जणांत, तो मेंदूत शिरतो, आणि शिरला की नेमका कानशिलाच्या आतल्या भागावर घाला घालतो. याच भागात आठवणींचा कारखाना आहे. म्हणून स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांनी या आजारातून उठलेल्या माणसांकडे सर्वाधिक लक्ष दिले.

दादाच्या कार्डावर कोणत्याच विषाणूचे नाव नव्हते. अशा पुष्कळ रुग्णांत कारण शेवटपर्यंत सापडत नाही, असे मॅडमनी सांगितले.

स्मृती एक नाही, अनेक

स्मृती म्हणजे एखादी पेटी असते आणि ती भरलेली किंवा रिकामी असते, असे आपल्याला वाटते. संशोधनाने हे चूक ठरविले आहे. आत्ता ऐकलेला फोन नंबर लावेपर्यंत डोक्यात धरून ठेवणे ही अल्पकालीन स्मृती. अंक म्हणण्याच्या प्रयोगात हीच तपासली जाते आणि सर्वसाधारण माणसात ती सुमारे सात अंकांची असते. जे दिवसानुदिवस टिकते ती दीर्घकालीन स्मृती. हिच्यातही भेद आहेत. 'मागच्या पोळ्याला आपण मामाकडे गेलो होतो' ही प्रसंगाची आठवण. 'पोळा श्रावणी अमावास्येला असतो' हे ज्ञान. ते केव्हा आणि कोणाकडून मिळाले ते आठवत नसले तरी असते. पहिलीला प्रसंगस्मृती आणि दुसरीला अर्थस्मृती म्हणावे, असा भेद एन्डेल टुल्विंग या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मांडला. तिसरी कौशल्याची स्मृती. सायकल चालविणे, दूध काढणे, धानाचे पऱ्हे भराभर रोवत जाणे या गोष्टी हातापायांना आठवतात. शब्दांत सांगता येत नाहीत.

मेंदूत, दोन्ही कानशिलांच्या आत, हिपोकॅम्पस नावाचा एक छोटा वळणदार भाग असतो. घोडामाशासारखा दिसतो म्हणून त्याला ग्रीक भाषेतले ते नाव मिळाले. नव्या प्रसंगाची टिकाऊ आठवण तयार व्हायची तर या भागाची गरज लागते. हे प्रथम स्पष्ट झाले ते विषाणूमुळे नव्हे, तर एका शस्त्रक्रियेमुळे. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या फेफऱ्यावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंचा हा भाग काढला गेला. फेफरे कमी झाले, पण नवी आठवण राहणे बंद पडले. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला शिकविली. रोज त्याचा हात सुधारत गेला. पण आपण हे काल केले होते हे त्याला रोज नव्याने सांगावे लागे. हात शिकत होता, पण शिकल्याची आठवण उरत नव्हती.

विषाणूने घडविलेले तीन धडे

पहिला धडा इंग्लंडमधला. क्लाइव्ह वेअरिंग हे संगीताचे गाढे अभ्यासक, बीबीसीत संगीत निर्माते आणि गायकवृंदाचे संचालक होते. मार्च १९८५ मध्ये, वयाच्या ४६व्या वर्षी, त्यांना हर्पीसचा मेंदूज्वर झाला. ते वाचले, पण दोन्ही बाजूंचा हिपोकॅम्पस नष्ट झाला. त्यानंतर नवी गोष्ट त्यांच्या डोक्यात काही सेकंदांपलीकडे टिकेना. पत्नी डेबोरा खोलीबाहेर जाऊन लगेच परत आली तरी ती अनेक वर्षांनी भेटते आहे अशा आनंदाने ते तिला मिठी मारीत. ते रोजनिशीत आपण आत्ताच प्रथम जागे झालो असे लिहीत. थोड्या वेळाने आधीची नोंद आपली नव्हेच असे वाटून ती खोडीत आणि पुन्हा तेच लिहीत. आणि तरीही पियानोपुढे बसविले की ते वाजवीत, गायकवृंदापुढे उभे केले की त्याचे संचालन करीत. वाजविण्याचे ज्ञान शाबूत, मात्र वाजविल्याची आठवण नाही! पत्नी कोण हेही ते कधी विसरले नाहीत.

दुसरा धडा अमेरिकेतला. शास्त्रीय लेखांत ई. पी. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या गृहस्थांना १९९२ मध्ये, सत्तरीच्या वयात, हाच आजार झाला. लॅरी स्क्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा बरीच वर्षे अभ्यास केला. नव्या घराच्या आसपासचे रस्ते ई. पी. ना सांगता येत नसत. पण लहानपणी ज्या गावात वाढले तिथला कोणता रस्ता कुठे जातो हे ते बिनचूक सांगत. म्हणजे जुन्या आठवणी दुसरीकडे साठविलेल्या असतात. हिपोकॅम्पस त्या घडवितो, पण कायमचा सांभाळीत बसत नाही.

याच ई. पी. वर केलेला एक प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. वस्तूंच्या आठ जोड्या होत्या आणि प्रत्येक जोडीतली एक 'बरोबर' ठरविलेली होती. ती उचलली की खाली तसे लिहिलेले दिसे. आपण दोन-चार फेऱ्यांत हे पाठ करू. ई. पी. ना अनेक आठवडे लागले. दर खेपेला, मी हे कधीच केले नाही असे त्यांना वाटे. पण हात मात्र अधिकाधिक वेळा बरोबर वस्तूकडे जाऊ लागला. मग संशोधकांनी सगळ्या सोळा वस्तू एकत्र ठेवल्या आणि बरोबर व चूक वेगळ्या करायला सांगितल्या. तेव्हा त्यांना काहीच जमेना. सवयीने शिकलेले असे असते : पक्के असते, पण मांडणी बदलली की निरुपयोगी होते. हे वाचताना मला दादा आठवला. रोजच्या वाटेने तो गुरे बरोबर नेतो-आणतो. पण त्या वाटेवर काम निघून दुसरीकडून जावे लागले तर बावरतो.

तिसरा धडा अधिकच चकित करणारा आहे. एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि टिम शॅलिस यांनी १९८४ मध्ये हर्पीसच्या मेंदूज्वरातून उठलेल्या चार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या रुग्णांना निर्जीव वस्तू बऱ्यापैकी ओळखता येत. प्राणी आणि खाण्याचे पदार्थ मात्र ओळखणे फार जड जाई. एकाच मेंदूतले सजीवांचे ज्ञान पुसट आणि वस्तूंचे ज्ञान शाबूत असे कसे? सजीव आपण रंगरूपाने ओळखतो आणि वस्तू त्यांच्या उपयोगाने ओळखतो, म्हणून मेंदूत त्यांच्या जागा वेगळ्या असाव्यात, अशी उपपत्ती त्यांनी मांडली. तिच्यावर अजून वाद चालू आहे. पण अर्थस्मृतीचाही एकच एक ढीग नसतो, हे या चार माणसांमुळे कळले.

विषाणूप्रमाणे हानीची जागाही बदलते, हे येथे सांगितले पाहिजे. जपानी मेंदूज्वर प्रामुख्याने थॅलॅमस या मेंदूच्या खोल भागाला आणि हालचालींशी संबंधित केंद्रांना धक्का देतो. म्हणून त्यातून वाचलेल्या मुलांत हातपाय ताठरणे, थरथरणे, बोलणे मंदावणे असे प्रकार दिसतात आणि शिकण्याची गतीही कमी होऊ शकते. क्लाइव्ह वेअरिंग यांचा आजार आणि एखाद्या बांधीकाठच्या मुलाचा आजार दोन्ही 'मेंदूज्वर'च, पण मागे राहिलेले नुकसान एक नव्हे.

यावर पीएच्. डी. करणारे नेमके करतात काय?

मी मॅडमना विचारले, या विषयावर डॉक्टरेट करायची म्हणजे काय करायचे? त्यांनी फळ्यावर पायऱ्या लिहून दिल्या. त्या अशा.

प्रथम, कोणाचा अभ्यास करावयाचा ते ठरविणे. कोणता विषाणू, कोणते वय, आजाराला किती काळ झाला. आजारानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मेंदू पुष्कळ सावरतो, म्हणून एकदाच तपासून भागत नाही. काही महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा तपासावे लागते. दुसरे, तुलना. रुग्णाला १५ पैकी सहाच शब्द आठवले, हे कमी की बरोबर? त्यासाठी त्याच वयाची, तितकेच शिकलेली, तीच भाषा बोलणारी निरोगी माणसे शोधून त्यांनाही तेच प्रश्न विचारावे लागतात.

तिसरे, चाचण्या. अंकविस्तार आणि शब्दयादी मी वर सांगितलीच. आन्द्रे रे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९४१ मध्ये एक गुंतागुंतीची आकृती तयार केली. ती आधी बघून काढायची आणि काही वेळाने न बघता काढायची. शब्दांशिवायची स्मृती तिच्यामुळे कळते. परंतु खोलीत बसून शब्द सांगणे आणि घरी दुधाचे पातेले गॅसवर ठेवल्याचे लक्षात राहणे, यांत फरक आहे. म्हणून बार्बरा विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये 'रिव्हरमीड' नावाची चाचणी केली. तिच्यात चेहऱ्यासोबत नाव लक्षात ठेवणे, आपली लपविलेली वस्तू शेवटी आठवणीने मागणे, खोलीतल्या खोलीत दाखविलेला छोटा मार्ग पुन्हा चालून दाखविणे, अशी रोजच्या जगण्यातली कामे आहेत. चौथे, या निकालांची मेंदूच्या एमआरआय चित्रांशी सांगड घालणे.

आणि पाचवे, संमती. प्रयोग काय आहे हे समजावून देऊन प्रयुक्ताची परवानगी घ्यावी लागते. पण जो माणूस दिलेली परवानगीच विसरतो त्याचे काय? त्याला प्रत्येक बैठकीत नव्याने सांगावे, नव्याने विचारावे, घरच्यांनाही विचारावे, आणि तो मध्येच नको म्हणाला तर थांबावे. हा नियम त्या वेळी मी नुसता वहीत उतरवून घेतला. त्याचा अर्थ मला नंतर कळला. ते पुढे सांगते.

प्रश्न कोणाच्या भाषेत?

या संशोधनात आपल्या देशापुढे एक खास अडचण आहे. बहुतेक चाचण्या परदेशांत, शाळा शिकलेल्या माणसांसाठी तयार झाल्या. बुद्धीची घटकाभरात तपासणी करणारी १९७५ ची एक प्रसिद्ध चाचणी वाक्य लिहायला आणि वाचायला सांगते. आता माझ्या मायला लिहिता येत नाही. ती नापास झाली तर तिचा मेंदू बिघडला म्हणावयाचे काय? माझ्या मायला सगळ्या गावाची उसनवारी तोंडपाठ आहे!

हे ओळखून मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांसाठी, लिहिणे-वाचणे न येणाऱ्या वृद्धांनाही देता येईल अशी हिंदी चाचणी प्रसिद्ध केली. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २००४ मध्ये स्मृती, अवधान, विचारशक्ती यांच्या चाचण्यांचा संच तयार केला आणि वय, लिंग व शिक्षण यांप्रमाणे भारतीय माणसांचे निकष दिले. त्यामुळे आता निरक्षर माणसाची तुलना निरक्षर माणसाशीच करता येते. विदर्भातल्या धानपट्टीतल्या मुलाला विचारायची शब्दयादी त्याच्या बोलीतली असावी, हे कामही कोणीतरी करायला हवे. आमच्या घरात 'पीएच्. डी.' हा शब्द पहिल्यांदा मीच उच्चारला आहे, तेव्हा याहून अधिक मोठे बोलत नाही.

माझी चूक

दिवाळीच्या सुटीत मला राहवले नाही. मी वही घेऊन दादासमोर बसले. बैल, घागर, विळा, आंबा असे १५ शब्द पाच वेळा वाचले. तो हसत हसत म्हणत होता. पाचव्या वेळी त्याने सात सांगितले. मग आम्ही फराळ केला. अर्ध्या तासाने मी विचारले, "दादा, मघाचे शब्द सांग."

"कोणते शब्द?"

मी काही बोलले नाही. त्याने माझ्या हातातल्या वहीकडे पाहिले, मग माझ्या तोंडाकडे पाहिले, आणि हळूच विचारले, "चुकलं का माझं काही?"

मी वही मिटली. यादी तो विसरला होता. पण समोर वही घेऊन बसलेले माणूस आपल्याला चूक ठरविते, हे इतकी वर्षे तो विसरला नव्हता. सुटीनंतर मी हे मॅडमना सांगितले, तेव्हा त्यांनी मला २०१० मधल्या एका अभ्यासाबद्दल सांगितले. अमेरिकेतल्या आयोवा येथे जस्टिन फाइन्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी हिपोकॅम्पसला इजा झालेल्या पाच रुग्णांना दुःखद आणि आनंदी चित्रपटांचे तुकडे दाखविले. थोड्या वेळाने त्यांना तुकड्यांत काय होते ते फारसे आठवेना; परंतु त्यांनी मनात आणलेले दुःख किंवा आनंद टिकून होता. आपण विसराळू माणसाला रागावतो आणि म्हणतो, 'जाऊ द्या, तो विसरेल.' रागावलेले शब्द तो विसरतो. लागलेले मात्र मनात राहते.

मग उपाय काय?

पहिला उपाय वेळेचा आहे. तापासोबत झटके, असंबद्ध बोलणे, एकाएकी बदललेले वागणे किंवा गुंगी दिसली की मंत्र-अंगारा न करता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावे. हर्पीसच्या मेंदूज्वरावर असायक्लोव्हिर हे औषध शिरेतून देतात. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात जुन्या औषधावर ५४ टक्के रुग्ण दगावले, तर असायक्लोव्हिरवर २८ टक्के. ते जितके लवकर सुरू होईल तितका मेंदू वाचतो. जपानी मेंदूज्वर आणि चांदीपुरा यांवर असे खास औषध नाही. तेथे लस, डास-माश्यांपासून बचाव आणि झटके व सूज आवरणारे वेळेवरचे उपचार हाच आधार आहे.

दुसरा उपाय शिकविण्याच्या पद्धतीचा. ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी १९९४ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. स्मृती गेलेल्या माणसांना काही शब्द शिकवायचे होते. एका पद्धतीत पहिली दोन अक्षरे देऊन 'ओळखा' म्हणायचे आणि चुकल्यावर उत्तर सांगायचे. दुसरीत उत्तर आधीच सांगून लिहून घ्यायचे, अंदाज करूच द्यायचा नाही. दुसऱ्या पद्धतीने त्यांना अधिक शब्द राहिले. याचे कारण असे दिले जाते : तुम्ही-आम्ही चुकलो तर चुकल्याची आठवण राहते आणि आपण सुधारतो. ज्याला प्रसंग आठवत नाही त्याच्या डोक्यात चूक तशीच रुजते, कारण ती चूक होती हेच त्याला आठवत नाही. याला चूकविरहित शिक्षण म्हणावे.

हे वाचले त्या रात्री मला फार वेळ झोप लागली नाही. शाळेत दादाला उभे करून 'आठव, आठव' म्हणत. तो अंदाजाने काहीतरी बोले, वर्ग हसे, आणि तेच चुकीचे उत्तर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा देई. त्यांनाही हे ठाऊक नव्हते आणि आम्हालाही नव्हते. घरी आम्हीही तेच करीत होतो.

तिसरा उपाय बाहेरच्या आधाराचा. डोक्यात राहत नाही ते डोक्याबाहेर ठेवायचे. इंग्लंडमध्ये ठरल्या वेळी संदेश देणारे छोटे यंत्र स्मृतिदोष व तत्सम अडचणी असलेल्या १४३ लोकांना देऊन पाहिले. २००१ मधल्या त्या अहवालानुसार ८० टक्क्यांहून अधिक लोकांची रोजची कामे सुधारली. आज ते काम साधा मोबाईल करतो.

आमच्या घरी आता दाराजवळ एक फळी आहे. रोज सकाळी बाबा तीवर वार आणि त्या दिवसाची कामे खडूने लिहितात. बाबांचे अक्षर मोठे आणि वेडेवाकडे आहे, पण दादाला वाचता येते. वाचणे तो आजाराआधीच शिकला होता. झटक्यांच्या गोळीसाठी मोबाईल रात्री आठला वाजतो. नवीन वाट शिकवायची असली तर कोणीतरी पहिले काही दिवस त्याच्यासोबत चालते. 'सांग बरं आता कुठे वळायचं' असे कोणी विचारीत नाही. 'आठव ना' हे दोन शब्द आम्ही घरातून काढून टाकले. याने दादा बरा झाला असे नाही; होणारही नाही. पण यंदा रोवणीला त्याने बाबांच्या बरोबरीने काम केले आणि 'चुकलं का?' असे विचारणे कमी झाले.

वाचकहो, आपल्या वर्गात, गल्लीत, नात्यात लहानपणी 'मोठा ताप' येऊन गेलेले आणि नंतर मठ्ठ ठरविलेले कोणी असेल. त्याला मठ्ठ म्हणण्याआधी तो ताप कसला होता ते विचारा, त्याचे जुने कागद शोधा आणि मोठ्या दवाखान्यातल्या जाणत्या डॉक्टरांना व मानसशास्त्रज्ञांना दाखवा. आमच्या घरी तो कागद सात वर्षे पेटीत पडून होता. मी बारावीत गेल्यावर तो वाचला.

दर शनिवारी मी घरी लवकर पोहोचते. दादा अंगणात गुरे बांधीत असतो आणि विचारतो, "कोणत्या वर्गात आहेस बाई तू आता?" पूर्वी मी चिडून म्हणायची, किती वेळा सांगू? आता सरळ सांगते, "कॉलेजात, दुसऱ्या वर्षाला आहे दादा." तो दरवेळी तितकाच खूश होतो आणि म्हणतो, "वा! पुढं शीक."